विश्लेषण : पिल्लाची ‘शाळा’ निवडताना नेमके काय पाहावे?

शहरांत पिल्लू घरी आणणाऱ्या कुटुंबांची पहिली चौकशी पशुवैद्यकांची असते आणि दुसरी ‘ट्रेनर’ची. लस कोणती, कधी आणि कोणी टोचायची याला नियम आहेत. प्रशिक्षण कोणी द्यायचे याला मात्र भारतात कोणताही नियम नाही. आज मोबाइलवर जाहिरात टाकणारा कोणीही उद्यापासून श्वान प्रशिक्षक होऊ शकतो. चुकलेला वर्ग म्हणजे केवळ पैसे वाया जाणे नव्हे. पिल्लाच्या आयुष्यातले काही मोजके आठवडे असे असतात, की त्यात बसलेली भीती पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. म्हणूनच वर्ग निवडताना काय तपासायचे आणि कोणत्या खुणा पाहून माघारी फिरायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हा विषय आता महत्त्वाचा का?

कुत्र्यांच्या प्रश्नावरून गेली काही वर्षे देशात वातावरण तापलेले आहे. केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, असे राज्यांना कळवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि अवघ्या ११ दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बस आगार, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचे निर्देश आले.

या सगळ्या चर्चेत पाळीव कुत्र्याच्या वर्तनाचा मुद्दा मागे राहिला. लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावलेला कुत्रा, घरी सामान पोहोचवणाऱ्या तरुणावर धावून गेलेला कुत्रा, अशी चित्रफीत समोर आली की वाद जातीवर येऊन थांबतो. प्रत्यक्षात अशा अनेक घटनांच्या मागे आक्रमकपणापेक्षा भीती असते. बंद जागेत अनोळखी माणूस अचानक समोर आला की घाबरलेल्या कुत्र्यापुढे दोनच पर्याय उरतात, पळणे किंवा चावणे. लिफ्टमध्ये पळायला जागा नसते. ही भीती लहानपणीच रोखता येते आणि चांगल्या पिल्लू-वर्गाचे मुख्य काम हेच आहे.

सामाजिकीकरण म्हणजे काय?

‘सोशलायझेशन’ या शब्दाचा आपल्याकडे सर्रास घेतला जाणारा अर्थ म्हणजे पिल्लाला इतर कुत्र्यांत मोकळे सोडणे. तो अपुरा आहे आणि काही वेळा घातकही. सामाजिकीकरण म्हणजे ज्या जगात पिल्लाला पुढची १० ते १५ वर्षे काढायची आहेत, त्या जगाची त्याला घाबरू न देता ओळख करून देणे. इतर कुत्री हा त्या जगाचा एक छोटा भाग आहे.

मुंबई-पुण्यातल्या सदनिकेत वाढणाऱ्या पिल्लाचे जग कोणते? कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, लिफ्टचा सरकता दरवाजा, गुळगुळीत फरशी, जिन्याच्या पायऱ्या. काठी घेतलेला पहारेकरी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, पावसाळ्यात रेनकोट आणि छत्रीमुळे वेगळीच दिसणारी माणसे, पळणारी आणि किंचाळणारी मुले, काठी टेकत चालणारे आजोबा. रस्त्यावर रिक्षा, बसचा हॉर्न, भाद्रपदात ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके. यातली प्रत्येक गोष्ट पिल्लाने सुरक्षित अंतरावरून, स्वतःच्या गतीने पाहावी आणि त्या क्षणी त्याच्या वाट्याला काही चांगले यावे, हे सामाजिकीकरण. पिल्लू दुरून ढोल ऐकते आणि तोंडात चिकनचा तुकडा येतो. असे काही वेळा घडले की ढोल ही घाबरण्याची गोष्ट राहत नाही. याच पिल्लाला ‘सवय होईल’ म्हणून थेट मिरवणुकीत नेले तर नेमके उलटे घडू शकते.

पहिले तीन-साडेतीन महिने इतके निर्णायक का?

अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९६१ मध्ये याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी एक प्रयोग मांडला होता. उंच कुंपणाच्या आवारात, माणसांच्या संपर्काविना वाढणारी पिल्ले वेगवेगळ्या वयात एकेका आठवड्यासाठी माणसांत आणली गेली. सर्वांत चांगला प्रतिसाद साधारण पाच ते नऊ आठवडे या वयातील पिल्लांनी दिला. १४ आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर राहिलेली पिल्ले मात्र नंतर प्रयत्न करूनही माणसाळली नाहीत.

त्यावरून पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा-चौदावा आठवडा हा संवेदनशील काळ मानला जातो. या वयात कुतूहल भीतीपेक्षा मोठे असते. पुढे हळूहळू तराजू उलटतो आणि नवे ते धोक्याचे वाटू लागते. ही खिडकी एका विशिष्ट दिवशी धाडकन बंद होत नाही, आणि मोठा कुत्राही शिकतो. पण तेव्हा त्याला शिकवणे म्हणजे आधी बसलेली भीती उतरवणे असते. त्याला महिने लागतात आणि यशाची खात्री नसते.

भारतातील नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री करता येत नाही. २०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांत तशी तरतूद आहे. म्हणजे नियम पाळून घेतलेले पिल्लू घरी येते तेव्हा पालकाच्या हाती उरतात जेमतेम चार ते सहा आठवडे. ‘सहा महिन्यांचा झाला की ट्रेनिंग लावू’ हा आपल्याकडचा रूढ सल्ला याच कारणाने महागात पडतो.

लसीकरण पूर्ण होण्याआधी वर्गाला न्यावे का?

श्वानपालक आणि पशुवैद्यक यांच्यात सर्वाधिक घोळ याच प्रश्नावर होतो. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्टेम्पर, पार्व्हो यांसारख्या आजारांवरील मूलभूत लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि १६ आठवडे किंवा त्यापुढे संपतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करू शकतात आणि ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते, म्हणून एवढे डोस द्यावे लागतात. लसीकरण संपेपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचेच नाही असे ठरवले, तर संवेदनशील काळ घरातच संपतो.

अमेरिकी पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञ संघटनेने २००८ मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे असतानाही वर्ग सुरू करता येतो. मात्र पहिल्या वर्गाच्या किमान सात दिवस आधी लसीचा एक संच आणि जंतनाशकाचा पहिला डोस झालेला हवा. तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्गजन्य आजार नसून वर्तनाच्या समस्या आहेत, असेही या संघटनेने नमूद केले. वर्तन बिघडले की कुत्रा सोडून दिला जातो किंवा त्याला दयामरण दिले जाते, हा त्यामागचा अर्थ. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही लस घेऊन वर्गाला जाणाऱ्या पिल्लांना पार्व्होचा धोका न जाणाऱ्या पिल्लांपेक्षा जास्त आढळला नाही.

पण ही भूमिका भारतात जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेम्पर दोन्ही आढळतात. पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने तग धरतो. सोसायटीचे लॉन, महापालिकेची बाग, रस्त्याची कड या जागा त्यामुळे लस अपुरी असलेल्या पिल्लासाठी सुरक्षित नाहीत. शिवाय रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते, म्हणजे तोवर पिल्लाचा अनोळखी प्राण्यांशी संपर्क टाळायलाच हवा. वर्ग लवकर सुरू करावा, पण तो बंदिस्त, धुता येणाऱ्या फरशीच्या आणि बाहेरच्या प्राण्यांना मज्जाव असलेल्या जागी. आणि पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाचे लसीकरण पुस्तक तपासले गेलेच पाहिजे. जो वर्ग हे पुस्तक मागत नाही, तो इतरांचेही मागत नाही. अंतिम निर्णय परिसरातील साथ ओळखणाऱ्या आपल्या पशुवैद्यकांशी बोलूनच घ्यावा.

आपल्याकडे प्रशिक्षण कोणत्या स्वरूपात मिळते?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, घरी येणारा प्रशिक्षक. आठवड्यातून ठरावीक दिवस तासभर येऊन तो ‘सिट’, ‘स्टे’, ‘शेकहँड’ शिकवतो. सोय मोठी, पण पिल्लाला बाहेरचे जग दिसत नाही आणि अनेकदा घरचे लोक आतल्या खोलीत टीव्ही पाहत असतात. अशा वेळी पिल्लू प्रशिक्षकाचे ऐकते, घरच्यांचे नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पिल्लाला महिना-दोन महिने प्रशिक्षकाच्या केंद्रावर ठेवणे. व्यग्र कुटुंबांना हा पर्याय आकर्षक वाटतो. जोखीम मात्र यातच सर्वाधिक, कारण बंद दाराआड काय चालते ते पालकाला दिसत नाही. तयार कुत्रा हातात मिळतो, तो शांतही असतो. पण शिकल्यामुळे शांत झालेला कुत्रा आणि मार बसेल म्हणून गप्प झालेला कुत्रा पहिल्या नजरेत सारखेच दिसतात. शिवाय संवेदनशील काळ पिंजऱ्यांच्या रांगेत घालवणे हे सामाजिकीकरणाच्या अगदी उलट आहे. पिल्लासाठी हा पर्याय शक्यतो टाळावा.

तिसरा प्रकार गट-वर्गाचा. चार-सहा पिल्ले, त्यांचे पालक आणि एक-दोन प्रशिक्षक. ब्रिटिश पशुवैद्यक इयन डनबार यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात पिल्लांचे पट्टामुक्त वर्ग रुजवले आणि तिथून ही कल्पना जगभर पोहोचली. आपल्याकडे असे वर्ग मोठ्या शहरांत मिळतात, लहान शहरांत क्वचित. नीट चालवला तर पिल्लासाठी हाच प्रकार सर्वांत उपयोगी, आणि ढिसाळ चालवला तर यातच पिल्लू सर्वांत लवकर बिघडते.

प्रशिक्षकाची पद्धत कशी ओळखायची?

जाहिरातीवरून ती ओळखता येत नाही. ‘पॉझिटिव्ह’, ‘फोर्स-फ्री’ हे शब्द आता सगळेच वापरतात. ‘बॅलन्स्ड ट्रेनिंग’ या गोंडस शब्दाचा अर्थ बहुधा असा, की बक्षीसही मिळेल आणि शिक्षाही. त्यामुळे दोन साधे प्रश्न थेट विचारावेत. पिल्लाने बरोबर केले तर तुम्ही काय करता? आणि चुकले तर काय करता?

पहिल्याचे उत्तर ‘खाऊ, खेळ, कौतुक’ असे सरळ आले पाहिजे. ‘खाऊची सवय लागते, आम्ही फक्त शाबासकी देतो’ हे उत्तर ऐकायला आदर्श वाटते, पण नव्या जागी बुजलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला शाबासकी कळत नाही, पनीरचा तुकडा कळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते. चांगला प्रशिक्षक सांगेल, की पिल्लू चुकले तर आपण काम फार अवघड ठेवले असे समजायचे, अंतर वाढवायचे, पायरी सोपी करायची. ‘हलकासा झटका देतो’, ‘मान पकडून दाबतो’, ‘एकदा कळले की पुन्हा करत नाही’ अशी उत्तरे आली किंवा ‘ते प्रत्यक्ष आल्यावर बघू’ अशी टोलवाटोलवी झाली, तर तिथून निघावे.

हा केवळ भूतदयेचा मुद्दा नाही. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे शिक्षेचा वापर जास्त होता, तिथल्या कुत्र्यांत प्रशिक्षणावेळी ताणाच्या खुणा जास्त दिसल्या, प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसोलची वाढ जास्त होती आणि नंतरच्या चाचणीत ती अधिक निराशावादी वागली. अमेरिकी वर्तनतज्ज्ञ संघटनेनेही २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षीस-आधारित पद्धतच वापरावी, अशी भूमिका मांडली. शिक्षेचा व्यवहारातला मोठा धोका वेगळाच आहे. लहान मूल समोर दिसताना पिल्लाच्या मानेला हिसका बसला, तर पिल्लू ‘भुंकू नये’ हे शिकेलच असे नाही. ‘मूल आले की दुखते’ हे मात्र ते शिकू शकते. गुरगुरल्याबद्दल मार बसला, तर कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो.

मग ‘मालकाने बॉस असावे’ या सिद्धांताचे काय?

‘कुत्रा हा लांडग्याचा वंशज, कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हा,’ हे आजही अनेक वर्गांत पहिल्या दिवशी ऐकवले जाते. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील अभ्यासात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द लोकप्रिय केला. पण पुढे जंगलातील लांडग्यांचे निरीक्षण केल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तिथे म्होरकेपणासाठी लढाया होत नाहीत, आई-बाप पिल्लांना वाढवतात. मूळ कल्पना तिच्या प्रसारकानेच मागे घेतली, तरी पिल्लाला पाठीवर उलटे दाबून धरण्याचा ‘अल्फा रोल’ काही ठिकाणी अजून शिकवला जातो.

‘मी लष्कराच्या किंवा पोलिसांच्या श्वानपथकात होतो’ ही ओळखही आपल्याकडे वजनदार ठरते. मेरठच्या आरव्हीसी केंद्रासारख्या ठिकाणी होणारे काम निःसंशय मोठे आहे. पण ते निवडक कुत्र्यांना स्फोटके शोधणे, माग काढणे अशा कामांसाठी तयार करण्याचे आहे. दोन खोल्यांच्या घरात आजी आणि नातवासोबत राहणाऱ्या शित्झूला किंवा देशी पिल्लाला घडवणे हे वेगळे काम आहे. तो अनुभव उपयोगी पडू शकतो, पण तेवढ्यावर निवड करू नये.

चांगला वर्ग प्रत्यक्षात कसा दिसतो?

पैसे भरण्याआधी पिल्लाला घरी ठेवून एक वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेली तर पुढे चौकशीची गरज नाही. परवानगी मिळाली तर कुत्र्यांआधी माणसांकडे पाहावे. पट्टा प्रशिक्षकाच्या हातात आहे की पालकांच्या? चांगल्या वर्गात प्रशिक्षक बहुतांश वेळ पालकांना शिकवतो, कारण उरलेला आठवडा पिल्लू त्यांच्याबरोबर असणार आहे. घरातली मुले, आजी-आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी यांनी पिल्लाशी कसे वागावे, हेही तिथे सांगितले जाते.

मग संख्या मोजावी. एका प्रशिक्षकामागे चार ते सहा पिल्ले ठीक, सहाय्यक असेल तर आठ. त्यापुढे लक्ष राहत नाही. पिल्ले साधारण एका वयाची हवीत. दहा आठवड्यांचे पिल्लू आणि आठ महिन्यांचा धसमुसळा लॅब्रेडॉर एका वर्तुळात असतील तर तो पिल्लू-वर्ग नाही. फरशी न घसरणारी, पाण्याचे भांडे प्रत्येकाचे वेगळे आणि घाण झाल्यास लगेच निर्जंतुक करण्याची सोय हवी.

खरी परीक्षा खेळाच्या वेळी होते. चांगल्या वर्गात खेळ थोडा वेळ, दोन-तीन जोड्यांत आणि मध्ये मध्ये थांबवून होतो. एक पिल्लू सतत दुसऱ्याच्या मागे लागले असेल तर प्रशिक्षक त्याला हलकेच धरतो आणि दुसरे काय करते ते पाहतो. सुटलेले पिल्लू परत खेळायला आले तर दोघांना मजा येत होती. ते आईबापाच्या पायांत शिरले तर एकाचा खेळ आणि दुसऱ्याचा छळ चालला होता. बुजऱ्या पिल्लासाठी आडोसा आहे का, त्याला नुसते बसून पाहण्याची मुभा आहे का, हेही पाहावे. जे पिल्लू पहिला तास खुर्चीखालून जग पाहते आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून बाहेर येते, त्याच्यासाठी वर्ग यशस्वी झाला, ‘शेकहँड’ येवो न येवो.

अभ्यासक्रमात हाक मारल्यावर येणे, सैल पट्ट्याने चालणे, तोंडातील वस्तू सोडणे, कान-पंजे-दात तपासू देणे, थोडा वेळ एकटे राहणे आणि दाताचा दाब कमी करणे हे विषय असावेत. पशुवैद्यकांकडे टेबलावर शांत उभे राहणारे पिल्लू आयुष्यभर उपचाराला सोपे जाते.

कोणत्या खुणा दिसल्या की बाहेर पडावे?

गळफास बसणारी चोक चेन, आतून काटे असलेला पट्टा, विजेचा झटका देणारी कॉलर यांपैकी काहीही दिसले तर. ‘दहा दिवसांत शंभर टक्के गॅरंटी’ असे सांगितले तर. प्राण्याच्या वर्तनाची हमी प्रामाणिक माणूस देत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ‘गार्ड ट्रेनिंग’ किंवा अनोळखी माणसावर भुंकायला शिकवण्याचा प्रस्ताव आला तर. ‘आपापसात सोडवतील’ म्हणून भेदरलेल्या पिल्लाला झुंडीत सोडले तर.

पिल्लाची देहबोली पालकाने स्वतः वाचायला शिकावे. शेपूट पोटाखाली, कान मागे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, खाऊ नाकारणे या भीतीच्या खुणा आहेत. एखादा प्रसंग कोणत्याही वर्गात घडू शकतो. तो घडल्यावर प्रशिक्षक थांबतो की पुढे रेटतो, यावर निर्णय घ्यावा. पैसे भरले आहेत म्हणून उरलेले वर्ग पुरे करण्याची सक्ती कोणावरही नाही.

कायदा काय सांगतो?

श्वान प्रशिक्षकासाठी भारतात परवाना, किमान पात्रता किंवा नोंदणी बंधनकारक नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांच्या प्रशिक्षणाची नोंदणी आहे, पण ती तिकीट लावून प्रयोग करणाऱ्या प्राण्यांपुरती. कोणत्याही प्राण्याला मारहाण करणे हा याच कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड अवघा १० ते ५० रुपये. त्यामुळे तक्रार करूनही फारसे हाती लागत नाही. परदेशी संस्थांची प्रमाणपत्रे काही भारतीय प्रशिक्षकांकडे असतात. ती अभ्यासाची खूण आहेत, वागणुकीची हमी नव्हेत. कोणत्या संस्थेचे, किती काळाचे आणि प्रत्यक्ष कुत्र्यांबरोबर काम करून मिळालेले आहे का, हे विचारावे.

इतर देशांतही चित्र एकसारखे नाही. जर्मनीत ऑगस्ट २०१४ पासून व्यावसायिक श्वान प्रशिक्षकाला स्थानिक प्रशासनाची परवानगी आणि ज्ञानाचा पुरावा द्यावा लागतो. वेल्सने २०१० मध्येच विजेच्या झटक्याच्या कॉलरवर बंदी घातली. आपल्याकडे अशा कॉलर ऑनलाइन सहज दिसतात.

जबाबदारी मात्र पालकावर पूर्ण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे प्रशिक्षकाने कुत्रा बिघडवला तरी पोलीस ठाण्यात बोलावले जाते ते पालकालाच. प्रशिक्षकाशी करार लेखी असावा. कोणती साधने वापरली जाणार नाहीत, किती वर्ग होतील, मध्येच थांबल्यास शुल्काचे काय, हे त्यात नमूद असावे. पावती घ्यावी. शुल्क भरून घेतलेली सेवा सदोष निघाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागताना हीच कागदपत्रे कामी येतात.

गावात वर्गच नसेल तर?

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आणि तालुक्यांत हीच स्थिती आहे. चांगला वर्ग नसेल तर वाईट वर्गाला जाण्यापेक्षा वर्ग नसलेला बरा. सामाजिकीकरणाचे बरेचसे काम कुटुंबाला स्वतः करता येते. लस अपुरी असताना पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन रोज १५ मिनिटे बाजाराच्या टोकाशी, एसटी स्थानकाजवळ, शाळा सुटण्याच्या वेळी थोड्या अंतरावर उभे राहावे. पिल्लू पाहील, खाऊ खाईल, घरी येईल. जमिनीवर ठेवायचे नाही. ढोल आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवणाच्या वेळी ऐकवावेत, पिल्लू निवांत राहिले तरच आवाज वाढवावा. लसीकरण पूर्ण झालेला, शांत स्वभावाचा एखादा ओळखीचा कुत्रा असेल तर त्याच्याशी भेट घडवावी. दवाखान्यात कधी तरी सुई न टोचता, केवळ वजन करून खाऊ घेण्यासाठी न्यावे. वेगवेगळ्या वयाची, पोशाखाची माणसे घरी येऊ द्यावीत, पण प्रत्येकाने पिल्लाला उचललेच पाहिजे असे नाही. पिल्लू स्वतः जवळ आले तरच हात लावावा.

या वयात पिल्ले दात लावतातच. खेळताना रक्त आले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. ‘घरचेच पिल्लू आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण त्याची रेबीजची लस तोवर झालेली नसते. पिल्लू सतत दडून बसत असेल, खाण्याच्या भांड्याजवळ कोणी आल्यास ताठरत असेल किंवा गुरगुरत असेल, तर वर्ग शोधण्याआधी पशुवैद्यकांना भेटावे. त्यामागे वेदना किंवा आजार नाही ना, हे आधी पाहावे लागते.

शेवटी हिशेब वेळेचा आहे. पिल्लू घरी आणण्याचे ठरते, तेव्हाच वर्गाची चौकशी सुरू व्हायला हवी. पिल्लू आल्यानंतर शोधायला बसले, तर चार-सहा आठवड्यांतले निम्मे शोधण्यातच जातात.